पंधरा सेंटांचा माणूस

महागडा बर्गर खाल्ल्यावर पैसे वसूल होतात का? बर्गरवर साम्राज्य उभं करणाऱ्या रे क्रॉकच्या आयुष्यात याचं उत्तर सापडतं.

लोहाऱ्याहून ऑटोनं यवतमाळला कॉलेजला येणाऱ्या तुमच्यापैकी बहुतेकांचा हिशेब पक्का असतो. ऑटोचं भाडं बाजूला काढायचं, झेरॉक्सचे सुटे वेगळे ठेवायचे आणि उरलेल्यात आलूबोंडा-तर्री बसवायची. गोची होते ती ग्रुपमध्ये कोणाचा वाढदिवस आला की. आज हातगाडी नाही, आज बर्गर, असं ठरतं. मेनू समोर येतो. वरच्या ओळीत साधा बर्गर, खालच्या ओळीत त्याचाच थाटामाटातला भाऊ, दुप्पट-तिप्पट किमतीचा. कोणीतरी तोच मागवतो, आधी फोटो निघतो, मग बर्गर संपतो. परतताना मात्र मनात येतंच, एवढे पैसे दिले खरे, पण त्यात नेमकं मिळालं काय?

हा प्रश्न विचारला म्हणून कोणी तुम्हाला चिंगूस म्हणालं तर मनावर घेऊ नका. जगातल्या सगळ्यात मोठ्या बर्गर कंपनीचा कर्ताधर्ता रे क्रॉक हाच प्रश्न डोक्यात घेऊन जगला. त्याच्या कंपनीच्या घोषवाक्यात चार गोष्टी होत्या. दर्जा, सेवा, स्वच्छता आणि चौथी म्हणजे मोल, मोजलेल्या पैशांचा पुरेपूर मोबदला. त्याची गोष्ट वाचा, म्हणजे पुढच्या वेळी मेनू वेगळ्या नजरेनं बघाल.

बावन्न वर्षांचा सेल्समन

रेमंड क्रॉकचा जन्म ५ ऑक्टोबर १९०२ चा. गाव ओक पार्क, अमेरिकेतल्या शिकागोला लागून. घर साधं, मूळ चेक वंशाचं. पहिलं महायुद्ध सुरू होतं तेव्हा या पोरानं पंधराव्या वर्षी वय खोटं सांगून रेड क्रॉसमध्ये रुग्णवाहिका चालवण्याचं ट्रेनिंग घेतलं. त्याच तुकडीत वय लपवून आलेला आणखी एक मुलगा होता, वॉल्ट डिस्ने. क्रॉक परदेशी जाण्याआधीच युद्ध संपलं.

त्यानंतरची तीस-पस्तीस वर्षं ऐकली तर तुमचा एखादा मामा आठवेल, दर दोन वर्षांनी नवा धंदा सुरू करणारा. क्रॉकनं पियानो वाजवला, रेडिओवर काम केलं, फ्लोरिडात जमिनीचे प्लॉट विकायला गेला आणि तिथला बाजार कोसळल्यावर हात हलवत परतला. टिकला तो कागदी कप विकण्याच्या नोकरीत. त्या काळी अमेरिकेत औषधांच्या दुकानातच थंड पेयांचा काउंटर असायचा आणि लोक तिथंच बसून काचेच्या ग्लासातून शेक प्यायचे. क्रॉकनं एका मोठ्या औषध-दुकानदार कंपनीच्या गळी उतरवलं की कागदी कपात भरून द्या, गिऱ्हाईक घेऊन जाईल आणि तुमची खुर्चीही अडणार नाही. आज आपण सर्रास पार्सल नेतो. तेव्हा ही कल्पना पटवावी लागत होती.

पुढे त्यानं एकाच वेळी पाच मिल्कशेक घुसळणारं मल्टिमिक्सर नावाचं मशीन विकायला घेतलं. त्यासाठी घरावर कर्ज काढलं. काही वर्षं बरी गेली, पण १९५४ उजाडेपर्यंत ते काउंटर बंद पडायला लागले होते आणि मशीनची मागणी आटत चालली होती. क्रॉक बावन्न वर्षांचा झाला होता. मधुमेह होता, सांधे धरायला लागले होते. आपल्याकडे या वयात लोक निवृत्तीचे हिशेब करायला लागतात.

अशात एका ऑर्डरनं त्याचं लक्ष वेधलं. कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो गावातल्या एका छोट्या खानावळीनं तब्बल आठ मशीन घेतली होती. आठ मशीन म्हणजे एकाच वेळी चाळीस शेक! एवढी गर्दी कुठली? तो स्वतः बघायला गेला.

स्वस्ताईची खरी कल्पना कोणाची?

इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. पंधरा सेंटांचा बर्गर क्रॉकनं शोधला नाही. तो मॅक आणि डिक मॅकडोनाल्ड या दोन भावांचा. (शंभर सेंट म्हणजे एक डॉलर.) त्यांची खानावळ आधी चांगली चालत होती. गाडीजवळ येऊन ऑर्डर घेणाऱ्या मुली, चिनी मातीच्या प्लेट, लांबलचक मेनू, सगळा थाट होता. पण भावांनी हिशेब मांडला. विक्रीचा मोठा भाग नुसत्या बर्गरचा होता. बाकीचा पसारा पैसे खात होता. प्लेट फुटायच्या, चमचे गायब व्हायचे, गिऱ्हाईक ताटकळायचं.

मग १९४८ मध्ये त्यांनी चालतं दुकान काही महिने बंद ठेवलं. मेनू नऊ पदार्थांवर आणला. वाढणाऱ्या मुली बंद, प्लेट बंद, काटे-चमचे बंद. गिऱ्हाइकानं खिडकीशी यायचं, कागदात गुंडाळलेला बर्गर घ्यायचा, निघायचं. स्वयंपाकघराची मांडणी त्यांनी टेनिसच्या मैदानावर खडूनं आखली आणि कामगारांना त्यात फिरवून पाहिली, म्हणजे कोणाचं पाऊल वाया जातंय ते कळावं. एवढं केल्यावर बर्गरचा भाव ठेवला पंधरा सेंट, इतरांच्या जवळपास निम्मा.

सुरुवातीला गिऱ्हाईक फिरकेना. जुन्या लोकांना गाडीत बसून ऑर्डर द्यायची सवय होती. हळूहळू मात्र लोक वळले. खास करून पोराबाळांची कुटुंबं, ज्यांना बाहेर खाणं परवडत नव्हतं.

आता हा हिशेब आपल्याकडे आणून बघा. भावांनी नुसता बर्गर लहान करून भाव उतरवला नाही. गिऱ्हाईक ज्याचे पैसे देत होतं पण जे खात नव्हतं, ते सगळं त्यांनी काढून टाकलं. आपला आलूबोंडेवाला यापेक्षा वेगळं काय करतो? एक कढई, दोन-तीन पदार्थ, कागदाचा तुकडा, उभ्या-उभ्या खाणं. तुमचे पैसे जवळजवळ सगळे बटाटा, बेसन, तेल आणि त्याच्या मेहनतीवर जातात. म्हणूनच तो परवडतो.

साडेचार तोळ्यांच्या आसपास

क्रॉकनं भावांकडून देशभर शाखा वाटण्याचे हक्क घेतले आणि १५ एप्रिल १९५५ रोजी शिकागोजवळ डे प्लेन्सला आपलं पहिलं दुकान उघडलं. पहिल्या दिवशीचा गल्ला ३६६ डॉलर १२ सेंट. बर्गर १५ सेंट, चीज घातलेला १९, फ्राइज १०, शेक २०.

भाव तोच, पण चवीत घोळ झाला. सॅन बर्नार्डिनोतल्या फ्राइजची चव इथं येईना. बटाटा त्याच जातीचा, कृती तीच. बराच शोध घेतल्यावर उलगडा झाला. भाऊ बटाटे उघड्या जाळीच्या पेट्यांत ठेवत आणि वाळवंटातला कोरडा वारा त्यांना आयताच सुकवत असे. क्रॉकच्या दुकानात बटाटे दमट तळघरात पडून होते. त्यानं तळघरात पंखा लावला आणि बटाट्यांना वारा घालायला सुरुवात केली. दहा सेंटांच्या फ्राइजसाठी एवढा उपद्व्याप!

क्रॉकचं खरं काम हे होतं. एका पाउंड मांसात बरोबर दहा टिक्क्या, म्हणजे एक टिक्की सुमारे ४५ ग्रॅमची. कच्च्या टिक्कीचा व्यास ठरलेला, पावाचा व्यास ठरलेला, कांदा किती तेही ठरलेलं. मांसात सोयाबीनसारखी भर घालायची नाही. जो शाखाधारक मनाचा मेनू वाढवेल किंवा दुकान घाण ठेवेल, त्याच्याशी क्रॉकचं जमत नसे. तो स्वतः दुकानापुढचे कागद उचलायचा, खराट्यानं पार्किंग झाडायचा. १९६१ मध्ये तर दुकानदारांना शिकवायला त्यानं चक्क हॅम्बर्गर युनिव्हर्सिटी काढली. नावाला हसू नका, तिथं चूल, तेल, स्वच्छता आणि हिशेब गांभीर्यानं शिकवले जात.

यातून गिऱ्हाइकाला काय मिळालं? खात्री. अनोळखी गावात उतरलात तरी पंधरा सेंटांत काय पदरात पडणार, हे आधीच ठाऊक. परीक्षेसाठी परक्या शहरात गेल्यावर आपण ओळखीच्या पाटीकडे का वळतो, याचं कारण हेच. त्या खात्रीलाही मोल आहे. पण आपल्याच चौकात, जिथं आलूबोंडा कसा मिळतो हे तुम्हाला वर्षानुवर्षं माहीत आहे, तिथं त्या खात्रीचे जादा पैसे कशाला?

महाग बर्गर आला कसा

१९६२ मध्ये सिनसिनाटीच्या लू ग्रोन या शाखाधारकाची पंचाईत झाली. त्याच्या भागात कॅथलिक वस्ती होती आणि ते शुक्रवारी मांस खात नसत. त्यानं माशाचा बर्गर तयार केला. क्रॉकला तो मुळीच पसंत नव्हता. त्याच्याकडे स्वतःची कल्पना होती, पावात भाजलेल्या अननसाची चकती आणि चीज. दोन्ही एकाच दिवशी विकायला ठेवले. मासा गेला ३५० आणि साहेबांचा अननस ६. क्रॉकनं हार मानली, पण भावावर अडून बसला. ग्रोनचा मासा उंची होता, त्याला तीस सेंट घ्यायचे होते. कंपनीनं पंचवीसच्या वर जाऊ दिलं नाही. शेवटी ग्रोनला स्वस्त मासा वापरावा लागला. म्हणजे भाव आधी ठरला आणि त्यात बसेल असा मासा नंतर शोधला गेला. हे आजही होतं, फक्त आपल्याला दिसत नाही.

१९६७ मध्ये पंधरा सेंटांचा जमाना संपला. महागाईनं साधा बर्गर १८ सेंटांवर गेला. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातल्या युनियनटाउनमध्ये जिम डेलिगाटी या शाखाधारकानं दोन टिक्क्यांचा मोठा बर्गर काढला. कंपनी फारशी उत्सुक नव्हती, नेहमीच्याच पावात बसव म्हणाली. बसेना, सगळं बाहेर ओघळायचं. मग त्यानं मोठा, तीळ लावलेला पाव आणला आणि मध्ये पावाचा आणखी एक थर घातला. किंमत ४५ सेंट. पुढच्या वर्षी तो देशभर गेला. हाच बिग मॅक.

आता वही काढा. दोन साधे बर्गर घेतले तर ३६ सेंट. टिक्क्या दोन, मांस तेवढंच. बिग मॅकला ४५. वरचे ९ सेंट कशाचे? मधला पाव, चीज, लेट्यूसची पानं, सॉस आणि थोडी हवा. लोकांना ते पटलं आणि बिग मॅक धो-धो चालला. ते मूर्ख नव्हते. नऊ सेंटांत त्यांना वेगळी चव आणि एका हातात न मावणारा घास मिळत होता. पण नऊ म्हणजे साध्या बर्गरच्या निम्मे. त्या जागी तिप्पट भाव असता तर?

तुम्हीही हाच हिशेब करा. महागड्या बर्गरची किंमत दोन साध्या बर्गरांपेक्षा किती जास्त आहे, ते काढा. मग पाव उचलून बघा. टिक्की खरंच मोठी आहे, पनीर किंवा चिकन वाढलंय, की नुसती उंची वाढलीय? उंची बहुतेक वेळा पाव आणि पत्तागोबीची असते.

पैसा बर्गरमध्ये नव्हताच

कॉमर्सवाल्यांनो, हा भाग नीट वाचा. एवढे बर्गर विकूनही सुरुवातीला क्रॉकच्या हाती फारसं लागत नव्हतं. शाखा घेणाऱ्याकडून एकदाच ९५० डॉलर आणि पुढे विक्रीचे १.९ टक्के, त्यातले ०.५ भावांचे. उरलेल्यात कंपनी चालणार कशी?

वाट दाखवली ती त्याचा हिशेबनीस सहकारी हॅरी सोनेबोर्न यानं. १९५६ मध्ये त्यांनी जमिनीची वेगळी कंपनी काढली. जागा कंपनीनं भाड्यानं किंवा विकत घ्यायची, तीच शाखाधारकाला चढ्या भाड्यानं द्यायची. ठरलेलं भाडं किंवा विक्रीतला टक्का, यातलं जे जास्त ते कंपनीचं. बर्गर शाखाधारकानं भाजायचे, जागेचा मालक मात्र क्रॉक. १९६१ मध्ये त्यानं भावांना २७ लाख डॉलर देऊन त्यांचं नाव आणि सगळे हक्क विकत घेतले. मूळ दुकान भावांनी स्वतःकडे ठेवलं, पण स्वतःचंच आडनाव लावायची त्यांना मुभा राहिली नाही. त्यांनी पाटी बदलली. क्रॉकनं जवळच नवं मॅकडोनाल्ड्स उघडलं आणि काही वर्षांत भावांचं दुकान बंद पडलं.

ही त्याची काळी बाजू. आणखी एक आहे. १९७२ मध्ये त्यानं राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या प्रचाराला अडीच लाख डॉलर दिले. त्याच सुमारास कोवळ्या वयाच्या कामगारांना किमान वेतनापेक्षा कमी पगार देण्याची मुभा देणारा प्रस्ताव चर्चेत होता. टीकाकारांनी दोन्हींचा संबंध जोडला, क्रॉकनं तो नाकारला. संबंध असो-नसो, एवढं खरं की काउंटरमागे उभी असलेली मुलं तुमच्याच वयाची होती. बर्गर स्वस्त ठेवायचा तर कोणाचा तरी पगारही कमी ठेवावा लागतो. आपल्याकडे स्वस्त डिलिव्हरी घेऊन येणारा पोरगाही बहुधा कुठल्यातरी कॉलेजचाच असतो.

तेव्हा बिल हातात आलं की भागून बघा. एक भाग पावात आणि टिक्कीत गेला. एक भाग चौकातल्या जागेच्या भाड्यात, एसीत, जाहिरातीत, पाटीवरच्या नावाच्या टक्क्यात. महागड्या बर्गरमध्ये हा दुसरा भाग फुगलेला असतो. तो वाईटच असतो असं नाही. दोन तास निवांत बसायचंय, प्रोजेक्टचं बोलायचंय, मैत्रिणींना सुरक्षित वाटेल अशी जागा हवीय, तर तुम्ही खुर्चीचं भाडं देताय आणि ते योग्यही असेल. फक्त आपण बर्गरचे पैसे देतोय असं समजू नका. आणि पार्सल घेऊन होस्टेलवर खाणार असाल तर न बसलेल्या खुर्चीचे पैसे देताय, हेही समजून घ्या.

त्याच्यानंतर

क्रॉक १४ जानेवारी १९८४ रोजी गेला. तेव्हा त्याच्या दुकानांची संख्या साडेसात हजारांच्या घरात होती. दोन वर्षांनी द इकॉनॉमिस्ट साप्ताहिकानं बिग मॅक निर्देशांक सुरू केला. एकच बर्गर कुठल्या देशात कितीला मिळतो, त्यावरून चलनाची खरी ताकद जोखायची. ज्याला तीस वर्षं पैशांचं मोल सतावत होतं, त्याच्याच बर्गरनं लोक पैसा मोजायला लागले.

भारतात त्याची कंपनी आली ती १९९६ मध्ये, दिल्लीत आणि मुंबईच्या वांद्र्यात. इथं गोमांस आणि डुकराचं मांस बाद झालं आणि बटाट्याची टिक्की पावात बसली. २००४ मध्ये वीस रुपयांचा मेनू काढून कंपनीनं पुन्हा क्रॉकचाच पहिला धडा गिरवला. म्हणजे बघा, पावातला बटाटा विकायला अमेरिकन कंपनीला वीस रुपयांपर्यंत उतरावं लागलं, कारण समोर दादरचा वडापाव उभा होता आणि आपल्याकडे आलूबोंडा.

लोहाऱ्यात असे काही जण असतील ज्यांना पदवीनंतर नोकरीऐवजी स्वतःचं फूड आउटलेट काढायचंय. एमआयडीसी जवळ आहे, शिफ्ट सुटते तेव्हा गिऱ्हाईकही आहे. कोणी नामांकित ब्रँडची शाखा देऊ करेल, बाबांना शेत गहाण ठेवायला लागेल एवढा आकडा सांगेल. सही करण्याआधी एकच बघा, विक्री झाली नाही त्या महिन्यातही कोणाला पैसे मिळणार आहेत. ज्याला मिळणार आहेत, क्रॉक तो आहे. तुम्ही बर्गर भाजणारे.

आणि तोवर, पुढच्या वाढदिवसाला मेनू आला की सगळ्यात वरच्या ओळीपासून वाचा. दोन साध्यांची बेरीज करा, एका महागड्याशी ताडून पाहा. फरक पटला तर बिनधास्त मागवा, मजेत खा, मागाहून कुरकुर नको. नाही पटला तर साधा घ्या. उरलेल्या पैशांत परतीचा ऑटो निघतो आणि उद्याची तर्रीसुद्धा.